बकरी प्रयोगात नव्हती

नातसुनेच्या मैत्रिणी घरी आल्या की मला विचारतात, "आजी, निजामाच्या काळात तुम्ही सरकारी कामावर होता म्हणे. काय काम होतं?" मी सांगते, "अळ्या मोजायचं." त्या हसतात, आणि थोड्या वेळानं हातातल्या चहाच्या कपात एकदा वाकून बघून घेतात.

हसू द्या. त्यांच्यातली एक शेतकीची पदवी घेऊन बसली आहे आणि तिनं बोंडअळी फक्त चित्रात पाहिली आहे. मी चौथी पास. पण माझ्यापुढं कपाशीचं बोंड ठेवा, न फोडता सांगेन आत बिऱ्हाड आहे की रिकामं आहे. या विद्येचा पुढं काही उपयोग झाला नाही, पण तो पदवीचा तरी कुठं होतो?

ज्यांच्या घरी कापूस दुकानातून येतो त्यांच्यासाठी आधी अळीचं सांगते. कपाशी गुडघ्याएवढी झाली की एखाद्या झाडाचा शेंडा भर पावसात मान टाकतो. पाणी कमी पडलं म्हणून नव्हे, आत अळी शिरली म्हणून. बोटाच्या पेरापेक्षा लहान, अंगावर काळे-तपकिरी ठिपके. शेंडा पोखरून झाला की ती पात्यात शिरते. पातं म्हणजे फुलाच्या आधीची कळी. मग बोंडात. बोंडाला सुईएवढं भोक पाडायचं, आत जायचं आणि आपल्याच घाणीनं मागचं दार बंद करायचं, ही तिची रीत. एकदा आत बसली की वरून विष शिंपा नाहीतर अत्तर शिंपा, तिला खबर नसते. औषधाची सगळी करामत एवढीच, की तिला दारात गाठायचं. ज्या साहेबांना हे कळलं ते थोडे. बाकीचे बंद दारावर औषध शिंपून निवृत्त झाले.

तेव्हा मोठी लढाई चालू होती. परभणी आणि पाथरीच्या मधे एका देशमुखाचं शेत सरकारनं प्रयोगापुरतं घेतलं होतं. माझा नवरा तिथं फवारणीला आणि मी निंदणीला. हैदराबादेहून एक तरुण साहेब आला. गळ्यात दोरीनं बांधलेलं भिंग, खिशात बाटल्या, बाटल्यांत किडे. आम्ही त्याला किडेसाहेब म्हणायचो. माणूस सरळ होता, पण शेताकडं तो झाडाएवढ्या उंचीवरून कधी बघतच नसे. एकेका पानाला भिंग लावून बघायचा. आजूबाजूला माणसं आहेत, त्यांना हात आहेत, पोट आहे, हे त्या भिंगातून दिसत नव्हतं.

पहिल्याच दिवशी त्यानं आम्हा आठ बायकांना उभं केलं आणि विचारलं, "लिखना-पढना आता क्या जी किसीकू?" माझं माहेर पाथरीचं. तिथं मुलींची चार यत्तांची सरकारी शाळा होती आणि घरात भांडण नको म्हणून बापानं मला तिथं बसवलं होतं. उर्दू वाचता येत होतं, आकडे लिहिता येत होते. साहेबानं सांगितलं, मोजणाऱ्या बाईला खुरपं धरावं लागणार नाही. मी लगेच हात वर केला. विद्येची ओढ वगैरे काही नव्हतं. खुरप्याचा कंटाळा होता.

शेताचे चार तुकडे पाडले होते. पहिल्यावर रॉकेल आणि साबण घुसळून केलेलं पाणी. दुसऱ्यावर तंबाखूचा काढा, हा साहेबाचा लाडका. त्याचं म्हणणं, गरीब शेतकऱ्याला हा घरी करता येईल. तिसऱ्यावर सोमल. जुन्या माणसांना सोमल काय ते सांगायला नको. उंदराला घालतात तेच. मुंबईचा एक एजंट त्याची पांढरी भुकटी डब्यांतून घेऊन आला होता. डब्यावर हातात कापूस घेतलेल्या गोऱ्या बाईचं हसतं चित्र होतं. तिला काय, तिला त्या शेतात निंदायला बसायचं नव्हतं. आणि चौथा तुकडा सादा. त्यावर काहीच नाही.

हंगाम संपला की हैदराबादेहून सगळ्यांत मोठे साहेब येणार, चार तुकडे बघणार, माझे आकडे बघणार, आणि ज्या तुकड्यात अळ्या कमी ते औषध पुढल्या साली सगळ्या जिल्ह्याच्या कपाशीवर जाणार. म्हणजे पाथरीला माझ्या भावाच्या शेतातसुद्धा. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तेवढ्यापुरती मी स्वतःला तालुकदाराच्या, म्हणजे आजच्या कलेक्टरच्या, बरोबरीची समजत होते.

मोजणी अशी. दर आठ दिवसांनी प्रत्येक तुकड्यातली ठरवून दिलेली झाडं बघायची. माना टाकलेले शेंडे किती, गळालेली पाती किती, भोकं पडलेली बोंडं किती. बोंडं चाकूनं चिरायची, आत अळी निघाली तर मोजायची, मेलेली निघाली तर वेगळी मोजायची. सगळं पाटीवर लिहायचं, संध्याकाळी साहेब पाटीवरून वहीत उतरवणार. मी एक अळीही इकडची तिकडं केली नाही. आजही शपथेवर सांगेन, माझे आकडे खरे होते.

खोटं होतं ते बाकी सगळं.

रॉकेलचं आधी सांगते, कारण ते माझ्या घरातलं आहे. लढाईमुळं रॉकेल औषधालाही मिळत नव्हतं, फक्त अळ्यांना मिळत होतं. आमच्या गल्लीत सगळीकडं करडईच्या तेलाचे दिवे मिणमिणत होते आणि आमच्या घरी कंदील. नवरा पिचकारीत अर्धं रॉकेल घालायचा, अर्धं धोतरातल्या बाटलीत. कमी पडेल तेवढा साबण जास्त. फेस असा यायचा की साहेब खूश. "वा, क्या इमल्शन बना है!" म्हणायचा. हा त्यांचा शब्द होता. मी त्या कंदिलाच्या उजेडात भाकऱ्या थापल्या. रॉकेल कुठून आलं हे नवऱ्याला विचारलं नाही. नाकाला कळत होतं, तोंडानं कशाला विचारायचं?

तंबाखूचं तर विचारूच नका. पानांच्या जुड्या पिंपात भिजायला टाकायच्या. पिंपापर्यंत पोचेपर्यंत प्रत्येक जुडी चार हातांतून जायची आणि प्रत्येक हाताला पोटरीएवढा खिसा. गडी चुना लावून खायचे, बायका मिश्री भाजायच्या. मीसुद्धा. काढा उरायचा तो उशिरा आलेल्या पाहुण्याला दिलेल्या चहासारखा फिका. अळ्यांना त्यानं फार तर तरतरी आली असेल.

मापात, वेळेवर, पूर्ण गेलं ते एकटं सोमल. कारण ते खाता येत नाही, जाळता येत नाही आणि घरी नेलं तर बायको घरात घेत नाही.

राहिला सादा तुकडा. दुपारी भाकरी खायला बसायचं कुठं? रॉकेलच्या तुकड्याजवळ डोकं दुखायचं. तंबाखूच्या बांधावर शिंका. सोमलाच्या बांधावर तर साहेबच बसू देत नसे, का ते सांगत नसे. मग आम्ही आठजणी सादा तुकड्याच्या बांधावर बसायचो. आणि आमच्या बायकांचं एक आहे, जेवताना एक हात जेवतो, दुसरा रिकामा बसत नाही. जेवण झालं की जागेवरून उठायच्या आधी हाताला येईल तेवढं तण उपटायचं. त्यातला तांदुळजा, घोळ ओटीत टाकायची, संध्याकाळच्या भाजीला. आणि मान टाकलेला शेंडा दिसला की खुडायचा. कुणी सांगितलं नव्हतं. तसं आमच्या आयांनी केलं म्हणून आम्ही केलं.

आमच्यात सगळ्यांत मोठी शिवगंगामावशी. लिंगायताची, बालविधवा, गळ्यात इष्टलिंग, कोरडी भाकरी आणि त्याहून कोरडी जीभ. गड्यांनी सादा तुकड्याला बिनधन्याचा तुकडा असं नाव पाडलं होतं. कुणीतरी मावशीसमोर म्हणालं, "त्याला कशाला हात लावतीस? बिनधन्याचाच हाय तो." मावशीनं खुरपं खाली ठेवलं. "धनी न्हाई मनून काय अळीनं खावं व्हय रं त्याला? माझा धनी जाऊन तीस वर्सं झाली. मला कुनी खाल्लं का बग."

त्या दिवसापासून तो तुकडा मावशीनं दत्तकच घेतला. रोज दुपारी एक ओळ धरायची आणि शेवटापर्यंत शेंडे, किडकी पाती, भोकाची बोंडं खुडत जायचं. ती उठली की आम्हाला बसता येत नसे. पण मावशी जीव मारत नसे. अळीसुद्धा. खुडलेलं सगळं पदरात गोळा करायची आणि बांधापलीकडं टाकून द्यायची.

मी एकदा विचारलं, "मावशी, तिकडं तंबाखूचा तुकडा हाय की."

"मनूनच टाकायले. तितं सायबाचं औषध हाय. मारायचं त्यानं बगावं. मला कामून पाप?"

आता हिशेब तुमच्या ध्यानात आला असेल. साहेबाच्या ध्यानात आला नाही. दर आठवड्याला तो माझी पाटी बघायचा आणि कपाळाला हात लावायचा. तंबाखूच्या तुकड्यात सगळ्यांत जास्त अळ्या. रॉकेल यथातथा. सोमल चांगलं. आणि ज्याला काहीच घातलं नाही तो सगळ्यांत निरोगी.

"ऐसा कैसा होता जी?" तो मला विचारायचा. "बरोबर गिनी ना?"

"हौ साहेब."

"फिर से गिनो."

मी फिर से गिनायची. अळ्या तेवढ्याच. तो बिचारा वाळत चालला. तंबाखूच्या काढ्यावर त्यानं दोन वर्षं घालवली होती असं कळलं. मी मनात म्हणायची, साहेब, त्या काढ्यात तंबाखू सोडून सगळं आहे. पण बोलले नाही. बोलले असते तर नवऱ्याचं काम गेलं असतं, मावशीचं गेलं असतं आणि माझ्या हातात परत खुरपं आलं असतं. यातलं शेवटचं कारण मोठं होतं.

मग मथुरेच्या बकरीचं झालं.

मथुरा माझ्याच ओळीत निंदायची. जिभेनं सैल, हसरी. घरी सासू आणि एक बकरी. बकरीच्या दुधावर सासूचा चहा आणि सासूच्या चहावर घरातली शांतता चालायची. त्या दिवशी पाऊस होता, मथुरेला उशीर झाला. सादा तुकड्याच्या कडेचं गवत सगळ्यांनी नेलेलं. तिनं जाता जाता सोमलाच्या तुकड्यातनं भारा कापला आणि बकरीला टाकला.

त्या तुकड्याच्या कडेला पाटी होती. तिच्यावर लिहिलं होतं, जहर. उर्दूत. आठ बायकांत ती वाचता येत होती एकटीला, मला. गड्यांना साहेबानं सांगितलं होतं, बायकांना गड्यांनी सांगावं असं धरून चाललं होतं. गड्यांनी सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही, कारण मला कुणी विचारलं नव्हतं. मी चौथी पास होते आणि पाटी वाचून पुढं जात होते.

सकाळी बकरी ताठ झाली होती. मथुरा शेतावर आली ती रडत नव्हती, शिव्या देत होती. सोमलाला, सरकारला, लढाईला. माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "तुला वाचता येतंय ना गं गिरजे? काय लिवलंय त्या फळीवर?"

मी सांगितलं.

"आन् काल काय लिवलं होतं?"

ती म्हणाली, "बरं झालं, भाजी न्हाई नेली म्या. न्हाईतर सासू गेली असती आन् लोक म्हनले असते, सुनंनं घातलं." एवढं बोलून ती हसली. मला तिच्या शिव्या परवडल्या असत्या, हसणं नको होतं.

त्या दिवशी मोजणी होती. मी सोमलाच्या तुकड्याचा आकडा लिहिला आणि खाली लिहिलं, बकरी एक. साहेबानं संध्याकाळी पाटी वाचली. मग खिशातला रुमाल काढून त्यानं ती ओळ पुसली.

"बकरी तजरबे में नहीं थी, बाई," म्हणाला. दबक्या आवाजात, शरमून म्हणाला, पण पुसलीच. म्हणजे बकरी प्रयोगात नव्हती. अळी सरकारी होती, बकरी खाजगी.

त्याच संध्याकाळी तो स्वतःशी बोलल्यासारखा मला समजावत बसला, की सादा तुकडा कशासाठी असतो. त्याला कुणी हात लावायचा नसतो. अळीला तिथं मोकळं सोडायचं असतं, म्हणजे औषधानं किती काम केलं ते त्याच्याशी ताडून बघता येतं. "उसीच से सब का नाप है." हंगाम संपत आल्यावर हे मला पहिल्यांदा कळलं. दुसऱ्या दिवशी मी मावशीला बाजूला घेतलं.

"मावशी, तो तुकडा अळ्यांनी खायासाठीच ठेवलाय."

"काय?"

"बगायला. किती खातेत ते."

मावशीनं माझ्याकडं असं बघितलं, की जणू मीच अळी आहे. "म्हंजी पीक डोळ्यादेखत खाऊ द्यायचं आन् ते वहीत लिवायचं? ह्याला शिकलेलं मनायचं?" आणि ती पुढल्या ओळीला लागली.

दिवाळीच्या पुढंमागं बोंडं फुटू लागली आणि मोठे साहेब आले. मोटार, मागं पट्टेवाले, रुमी टोपी, शेरवानीला धूळ लागू नये म्हणून चालताना ती दोन बोटांनी धरलेली. एजंट त्यांच्या पुढंमागं. आम्हा बायकांना बांधावर रांगेत उभं केलं. गडी पिचकाऱ्या घासून-पुसून घेऊन उभे, माझा नवरा त्यांत पहिला. त्याच्या पिचकारीचं पितळ असं लखलखत होतं, की आत काय गेलं आणि काय गेलं नाही याचा कुणाला संशय येऊ नये.

एजंटानं डबा उघडून मोठ्या साहेबांपुढं धरला. त्यांनी भुकटी चिमटीत घेतली, बोटांवर चोळली, म्हणाले, "बारीक है." एजंटाचा चेहरा फुलला. मग ते तुकड्यांकडं वळले. भिंग वगैरे काही लागलं नाही. लांबूनच हातातली छडी सादा तुकड्याकडं केली. तो पांढराशुभ्र फुटला होता.

"ये सबसे अच्छा है. इसपे क्या डाले?"

किडेसाहेब म्हणाला, "कुछ नहीं, हुजूर."

मोठ्या साहेबांनी वही मागितली, पानं उलटली. एजंट पुढं सरकला आणि म्हणाला, यात अचंबा कसला. अनपढ बाईकडनं मोजणी घेतल्यावर असंच होणार. आकडेच खोटे आहेत. सोमलाचा तुकडा बाकी औषधांपेक्षा चांगला आहे तेवढं धरा, सादा सोडून द्या.

मी खूप ऐकून घेतलं आहे जन्मात. सासूचं, नवऱ्याचं. पण माझे आकडे खोटे म्हटलेलं मला सोसलं नाही. आणि दुसरं असं, की तो माणूस सादा तुकडा पुसायला सांगत होता, जशी माझी बकरीची ओळ पुसली होती. मग वहीत राहणार ते एकटं सोमल. आणि पुढल्या साली ते पाथरीला.

मी म्हणाले, "आकडे खरे हायत, सरकार. तुकडे खोटे हायत."

किडेसाहेबाला वाटलं मला चक्कर आली. मोठ्या साहेबांनी छडी माझ्याकडं केली. "मतलब?"

नवऱ्याकडं न बघता मी सांगून टाकलं. नाव कुणाचं घेतलं नाही. "रॉकेल कंदिलात गेलं. तंबाखू गालात गेला. सादा तुकड्यातल्या अळ्या आमी बायकांनी रोज खुडल्या, त्या तंबाखूच्या तुकड्यात टाकल्या. सोमल तेवढं कुनी खाल्लं न्हाई, ते एका बकरीनं खाल्लं. ती मेली. ती वहीत न्हाई."

"कौनसी बकरी?"

किडेसाहेब मान खाली घालून म्हणाला, "हुजूर, बकरी तजरबे में नहीं थी."

"माझी," मथुरा रांगेतून म्हणाली. आणि दोन पावलं पुढं आली. तिच्या ओटीत सकाळपासून वेचलेली भाजी होती, तिला ती खाली ठेवायचं सुचलं नव्हतं. मोठ्या साहेबांनी छडीनं ओटीकडं दाखवून विचारलं, हे काय.

"तांदुळजा, सरकार. भाजी."

"कहाँ से?"

"कपाशीतली."

"रोज खाते?"

"मग? कपाशीच्या दिसांत दुसरी भाजी कुटं मिळती?"

मोठ्या साहेबांनी आपल्या बोटांकडं बघितलं. चिमटीची पांढरी भुकटी अजून लागलेली होती. त्यांनी पाणी मागितलं. पट्टेवाल्यानं तांब्या आणला, त्यांनी हात धुतले. मग पुन्हा पाणी मागितलं आणि पुन्हा धुतले, नखं घासून. एजंटानं डब्याचं झाकण लावून टाकलं. माझ्या मते जिल्ह्यातला सोमलाचा निकाल त्या दुसऱ्या तांब्याला लागला, वही नंतर बंद झाली.

जाता जाता ते माझ्यापाशी थांबले. थट्टेनंच विचारलं, मग तूच सांग, जिल्ह्यात वाटायचं तरी काय?

मी म्हणाले, "ह्या आठ बायका वाटा. रोजानं."

ते हसले. मग पट्टेवाले हसले, मग सगळे हसले. मावशी तेवढी हसली नाही. ती म्हणाली, "मी न्हाई जात कुटं."

कुणाचं काम गेलं नाही, कारण प्रयोगच संपला होता आणि काम तसंही जाणार होतं. नवरा आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. आठ दिवस शांततेत गेले. घरात पुन्हा करडईचा दिवा आला. किडेसाहेब निघताना मला भेटला. मला वाटलं रागावेल. त्यानं गळ्यातलं भिंग काढून हातात धरलं, थोडा वेळ आम्हा बायकांकडं तसंच, उघड्या डोळ्यांनी बघितलं, आणि म्हणाला, "तंबाखू असली डाले होते तो?" म्हणजे तंबाखू खरोखर घातला असता तर. मी म्हणाले, कोण जाणे, साहेब. त्याला दिलासा द्यायला मी खोटं बोलू शकले असते. सुचलं नाही.

पुढल्या हंगामाच्या तोंडावर सरकारी परचा निघाला. गावोगाव चावडीत वाचून दाखवला. मला तो उर्दूत वाचायला मिळाला. त्यात सोमल नव्हतं. रॉकेल, तंबाखूही नव्हतं. लिहिलं होतं, की कपाशीचे सुकलेले शेंडे आणि किडकी बोंडं हातानं खुडून नष्ट करावीत. हे काम घरच्या बायकांकडून करून घ्यावं. यास खर्च काही येत नाही.

मी रोजानं म्हणाले होते. हैदराबादेला पोचेपर्यंत रोज गळाला, बायका राहिल्या.

श्रावणात पंचमीला मी पाथरीला माहेरी गेले. सणादिवशी चिरायचं-खणायचं नसतं म्हणून भावजय घरात होती. दुसऱ्या दिवशी उजाडता शेतात गेली ती दुपारी आली, बोटं हिरवीकाळी, कंबर धरून. निंदणी झाली होती, खत टाकून झालं होतं, आणि आता हे शेंडे. भाऊ चावडीत परचा ऐकून आला होता आणि पारावर बसून त्याचं पालन करत होता.

भावजयीनं माझं ताट वाढलं आणि सुरुवात केली. "वन्सं, तुमी परभनीकडल्या. तिकडं कुनी रांड निगाली म्हनं, बड्या सायबाला म्हनली, बायका वाटा. तिच्या हाताला लकवा भरो. आमी काय कमी मरायलो होतो का? तिला स्वतःला दोन ओळी खुडाया लावा, मंग कळंल तिला."

मी खाली मान घालून जेवत होते. ताटात तांदुळज्याची भाजी होती, लसूण घातलेली.

"भाजी कुठली गं?" मी विचारलं.

"कुटली असनार? कपाशीतली." ती आता त्या परभणीच्या बाईच्या खानदानाकडं वळत होती.

मी ताट पुढं केलं आणि म्हणाले, "वाढ आणखी." तिसऱ्यांदाही मागून घेतली. मग उठून हात धुतले, एकदाच, आणि तिच्याबरोबर शेतात गेले. संध्याकाळपर्यंत शेंडे खुडले. कुणाला काही सांगितलं नाही. दोन ओळी नव्हे, सहा ओळी झाल्या. मी मोजल्या.